साठच्या साठ निरोगी

कोचाबांबा, ११ मार्च २०१९

प्रिय नायदा,

सात वर्षांनी माझं नाव पाहून तू हा मेल उघडशील की न वाचताच काढून टाकशील, मला ठाऊक नाही. उघडलास असं धरून लिहिते.

आधी कामाचं. सप्टेंबरात आपल्या विभागाला पन्नास वर्षं होतायत. जुन्या विद्यार्थ्यांच्या लेखांचं एक पुस्तक काढायचं घाटतंय. तुझ्या मधमाश्यांवर लेख हवा. वीस पानं, फार तर पंचवीस. मुदत जूनअखेरची आहे, पण तुझ्यासाठी ती ताणता येईल, कारण जुलैत तुझ्या घरी पाळणा हलणार आहे असं कळलं. अभिनंदन.

बातमी आबेलनं आणली. आबेल सुरिता, अजून तसाच आहे, अजून माझ्या शेजारच्या खोलीत बसतो आणि अजून खिडकी उघडी टाकून घरी जातो. कार्निव्हलच्या आधी त्याला बसस्टँडवर तुझी आई भेटली. दोन्या कासिमिरा गावी, मिस्केला, जाणाऱ्या गाडीची वाट पाहत पोत्यावर बसल्या होत्या, मांडीवर लोकरीचं गाठोडं. टोपडी, मोजे, एक अंगडं. तुझ्याकडे पाठवायची म्हणून. आबेल म्हणाला, “दोन्या, कोस्टा रिकात घामाच्या धारा लागतात, लोकर कशाला?” तर त्या म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही किडे मोजा. लेकराला वारं कुठंही लागतं.” आबेल दोन दिवस हे सगळ्यांना सांगत होता.

माझं म्हणशील तर डिसेंबरात निवृत्त होते आहे. प्रयोगशाळेला माझं नाव द्यायचा ठराव झालाय. मी नको म्हटलं, पण फार जोर लावून म्हटलं नाही.

आणखी एक विचारायचं होतं. तिकडे तुझ्या रक्ताच्या कोणकोणत्या तपासण्या झाल्या? तू मिस्केच्या मातीच्या घरात वाढलेली. भिंतीच्या भेगांत विंचुका असतो, तो झोपेत चावतो आणि माणसाच्या रक्तात चागासचा, हृदय पोखरणारा आजार सोडून जातो, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. तिकडच्या डॉक्टरच्या ते डोक्यातही येणार नाही. तेवढी तपासणी करून घे. सहज आठवलं म्हणून सांगितलं.

तुझी,
डॉक्टोरा एल्व्हिरा आंतेसाना


१८ मार्च

नायदा,

तुझं उत्तर आलं. चार ओळी. त्या मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही.

“डॉक्टोरा, लेखाला वेळ नाही, क्षमस्व. चागासचं म्हणाल तर दोन हजार आठमध्ये तुमच्याच प्रयोगशाळेत माझं रक्त तपासलं होतं. तुम्ही वर्गात म्हणाला होतात, काही निघालं तर बोलावून सांगू. तुम्ही बोलावलं नाहीत.”

बरोबर आहे. तेच म्हटलं होतं मी.

तुझ्या रागाबद्दल बोलायला हवं. तो या चार ओळींत नाही, पण मला दिसतो. दोन हजार बाराच्या ऑगस्टमध्ये तू ब्राझीलहून डॉक्टरेट घेऊन आलीस. विभागात एक जागा होती. निवड समितीची अध्यक्ष मी होते. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की जागा तुझी. कारकुनानं तर तुझ्यासाठी कपाट रिकामं करून ठेवलं होतं. आणि मी ती दुसऱ्याला दिली.

त्या संध्याकाळी तू माझ्या दारात उभी राहिलीस. आत ये म्हटलं तरी आली नाहीस. म्हणालीस, “चार वर्षं दर रविवारी तुमच्या टेबलावर जेवले. लोकांना मला ‘माझी मुलगी’ म्हणून दाखवत होतात. मी कुठं कमी पडले एवढंच सांगा, मी जाते.” मी म्हटलं, “तुझा अनुभव कमी पडला.” तू हसलीस. तुझं ते हसणं माझ्या ध्यानात आहे.

गुण तुझेच जास्त होते, नायदा. साडेअकरा गुणांनी. कागद अजून माझ्याकडे आहे.

तू पहिल्या वर्षाला आलीस तेव्हा मागच्या बाकावर बसायचीस. स्पॅनिश बोलताना आधी घरच्या क्वेचुआ भाषेत ओठ हलायचे. सहा आठवडे तोंड उघडलं नाहीस, आणि मग एक दिवस हात वर करून विचारलंस, “घरापेक्षा कोंबड्यांच्या खुराड्यात विंचुका जास्त का असतात?” पुस्तकात याचं उत्तर होतं, पण तू पुस्तकातलं विचारत नव्हतीस. तुझ्या घरचं खुराडं तुझ्या डोळ्यांपुढे होतं. त्या उन्हाळ्यात तू चाळीस घरांच्या भिंती उकरून मोजणी आणलीस. आबेल वही चाळत म्हणाला, “ही पोरगी आपल्या दोघांना घरी बसवणार.” मी इतकी सुखावले होते की त्याला काही बोललेच नाही.

मग तुला जागा का दिली नाही? खरं कारण इतकंच की मला रोज तुझ्यासमोर बसवलं नसतं. यापुढचं आज लिहवत नाही.

पण तपासणी कर. ती जुनी धरून बसू नकोस. एवढं माझं ऐक.

ए. आंतेसाना


२२ मार्च

नायदा,

तीनदा फोन लावला. दोनदा वाजण्याआधी मीच बंद केला. तिसऱ्यांदा तू “कोण?” म्हणालीस आणि मी फोन ठेवला. ती मीच होते. तोंडानं जमत नाही म्हणून लिहिते, आणि आज सगळं लिहिते. आबेलनं उद्या दुपारपर्यंतची मुदत दिली आहे. मी नाही कळवलं तर तो कळवणार.

तुला आठवत असेल, आमच्या अभ्यासाला मातीच्या घरांतल्या माणसांशी ताडून बघायला निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. निरोगी साठ माणसं आणायची कुठून? मी वर्गात विचारलं. बासष्ट जणांनी हात वर केले. तुम्हाला रस आणि केक दिला. नळ्यांवर नावं नव्हती, फक्त आकडे. आकड्यांची यादी माझ्या कुलपात, तपासणी आबेलकडे. त्याला नाव कळू नये आणि मला निकालात हात घालता येऊ नये, अशी आमची व्यवस्था होती. ती व्यवस्था आम्ही दोघांनी मिळून लिहिली होती आणि तिचा मला अभिमान होता.

जूनमध्ये आबेल दोन आकडे लिहिलेली चिठ्ठी घेऊन आला. सतरा आणि एक्केचाळीस. म्हणाला, “दोनदा तपासले. दोघांनाही चागास आहे. कोण आहेत ते बघ, बोलाव, औषधाला पाठव.” मी म्हटलं, “सांगते.”

एक्केचाळीस म्हणजे तू. नंतर कधीतरी तुझं नाव मी आबेलपाशी बोलून गेले.

त्या आठवड्यात तुझा ब्राझीलच्या शिष्यवृत्तीचा अर्ज माझ्या टेबलावर पडला होता. सोबत आरोग्याचा दाखला लागायचा. रक्तात चागास निघाला की अर्ज बाजूला पडतो, हे मी दोन मुलांच्या बाबतीत पाहिलं होतं. आणि औषध म्हणजे साठ दिवसांच्या गोळ्या, अंगावर पुरळ, हातापायांना मुंग्या. मी स्वतःला सांगितलं, आधी पोरीला जाऊ दे. तिथं पाय रोवले की मग कळवू. हा आजार वर्षानुवर्षं गप्प बसतो, सहा महिन्यांनी काय बिघडतं?

हे कारण खरं आहे. पण एवढंच असतं तर मी ते तुला तेव्हाच सांगितलं असतं आणि निर्णय तुझ्यावर सोडला असता. दुसरं कारण असं. शोधनिबंधात दोन मुलं बाधित निघाली असं लिहिलं असतं तर परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला असता, त्यांना कळवलंत का, उपचाराला पाठवलंत का, कागद दाखवा. माझ्याकडे कागद नव्हता. परदेशी मदतीची मुदत संपत आली होती. म्हणून मी ते दोन आकडे काढले आणि लिहिलं, ‘विद्यार्थ्यांचे साठच्या साठ नमुने निरोगी आढळले.’ आबेलनं विश्वासानं सही केली. तो आता म्हणतो, न वाचता सही केली हा त्याचा गुन्हा. त्याला वाटत होतं की मुलांना कळवलंय आणि पुढचं सगळं रीतसर झालंय.

तू विमानात बसलीस. सहा महिने झाले. तुझं पहिलं पत्र आलं, झाडावर चढून पोळं उतरवल्याचा फोटो. कसं लिहू? मग वर्ष झालं. वर्ष झाल्यावर तर ‘इतके दिवस का सांगितलं नाहीत’ याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. मग तू परत आलीस आणि जागा मागायला समोर बसलीस. रोज तुला पाहायचं आणि रोज गप्प राहायचं, एवढी माझी छाती नव्हती. म्हणून तुला घालवलं.

आता आबेलबद्दल. बसस्टँडची ती गोष्ट सांगताना शेवटी तो म्हणाला होता, “बरं झालं तेव्हा तिला सांगितलंस. गोळ्या झाल्या असतील. नाहीतर पोटातल्या लेकरालाही लागलं असतं.” आणि मी म्हटलं, “हो.” त्याच्या तोंडावर, डोळ्यांत बघून. त्यानंतर तुला पहिलं पत्र लिहिलं, पुस्तकाच्या लेखाचं. परवा तुझ्या चार ओळी मी त्याच्यापुढे ठेवल्या. त्यानं चष्मा काढला, वाचलं, परत चष्मा घातला आणि परत वाचलं. माझ्यावर ओरडला नाही. म्हणाला, “एल्व्हिरा, सव्वीस वर्षं मी तुझ्या आकड्यांवर माझी सही केली.” आणि स्वतःच्या खोलीत गेला.

नायदा, तेव्हा साठ दिवस गोळ्या घेतल्या असत्यास तर आज पोटातल्या बाळाला धोका जवळजवळ नसता. हे मी आडवळणानं लिहू शकत नाही. गरोदरपणात औषध देत नाहीत. पण आईचं निदान आत्ता झालं तर बाळाचं रक्त जन्मल्याबरोबर तपासता येतं, आणि पहिल्या वर्षात औषध मिळालं तर बहुतेक लेकरं पूर्ण बरी होतात. तुझ्या डॉक्टरसाठी आबेलनं दोन पानांचं टिपण केलंय, सोबत जोडते. ते त्यानं लिहिलंय, मी नाही. त्याच्यावर भरवसा ठेव.

क्षमा मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुला दुसरी कामं आहेत.

एल्व्हिरा आंतेसाना


१० एप्रिल

नायदा,

दोन आठवड्यांनी तुझी ओळ आली. “तपासणी झाली. आहे. माझ्याशिवाय दुसरं कोण?”

मी ते आधीच्या पत्रात लिहिलं नव्हतं. आकडा लिहिला, नाव गाळलं. तू बरोबर तिथंच बोट ठेवलंस.

सतरा म्हणजे प्रीमो ओरेयाना. पुनाता गावचा, तुमच्या वर्गातला, दांड्या मारणारा, सगळ्यांच्या नकला करणारा. शेवटच्या वर्षी माझ्याच विषयात नापास होऊन शिक्षण सोडलं. त्याला का सांगितलं नाही, त्याचं कारण आणखी वाईट आहे. त्याला सांगितलं असतं तर त्यानं ते वर्गभर केलं असतं, आणि मग तू येऊन विचारलं असतंस, “डॉक्टोरा, माझं काय निघालं?” तुला गप्प ठेवायचं म्हणून त्यालाही गप्प ठेवलं. त्याचं नाव मी पुढे विसरूनही गेले होते. यादी काढून पाहावी लागली.

प्रीमो आता पुनाताच्या मार्गावर गाडी चालवतो, चौदा माणसांची. शनिवारी मी स्टँडवर गेले. त्यानं लांबूनच ओळखलं.

“डॉक्टोरा! या, पुढे बसा. तुमच्याकडून भाडं घेतलं तर पाप लागेल. तुम्ही नापास केलंत म्हणून तर ही गाडी मिळाली मला.”

वाटभर बोलत होता. दोन मुली आहेत, धाकटी त्याच्यासारखी नकला करते. तुझी चौकशी केली. “नायदा डॉक्टर झाली ना? वाटलंच होतं. माझ्या वहीत तिचंच अक्षर असायचं.” पुनाताला माणसं उतरली, एका बाईची मक्याची पोती उतरवून झाली, आणि तो परत येऊन बसल्यावर मी सांगितलं. एका दमात, खाली बघून.

त्यानं इंजिन बंद केलं.

“म्हणजे त्या दिवशी रस पाजलात, केक दिलात, ते...”

“ते रक्त दिल्यावर चक्कर येऊ नये म्हणून होतं.”

“आणि नंतर कळलं तुम्हाला.”

“तीन आठवड्यांनी.”

त्यानं नजर समोरच्या काचेकडे वळवली. मग म्हणाला, “गेल्या साली क्लीसाच्या वळणावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी भरलेली. कशीबशी कडेला घेतली. बायको म्हणाली, उपाशीपोटी गाडी हाकतोस, दुसरं काय होणार? मलाही तेच पटलं. तेव्हापासून खिशात पाव ठेवतो.”

त्यानं तो पाव खिशातून काढून समोर ठेवला.

“नापास केलंत त्याचा राग मी कधी धरला नाही, डॉक्टोरा. कोरा पेपर दिला होता मी, उत्तर येत नव्हतं. पण याचं उत्तर तुमच्याकडे होतं. अकरा वर्षं होतं. उतरा आता.”

मी उतरले. दहा पावलं गेले असेन, तर मागून हाक आली. “सोमवारी सकाळी सातला इथंच या. कुठल्या दवाखान्यात जायचं, कुठल्या रांगेत उभं राहायचं ते तुम्ही दाखवायचं. तेवढं तरी करा.”

सोमवारी गेलो. आबेलही आला. हृदयाची दोरी ढिली झालीय, असं डॉक्टर त्याला समजेल अशा भाषेत म्हणाले. ठोके मध्येच चुकतात. पेसमेकर बसवावा लागेल. गाडी चालवणं त्याच दिवसापासून बंद. प्रीमोनं गाडीची किल्ली खिशातून काढून बायकोच्या हातात दिली. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मुली बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांचंही रक्त घेतलंय. आजार लागण्याआधीच त्या जन्मल्या असतील ना, असं त्यानं मला विचारलं. मी नाही म्हटलं. तो आजार त्याला लहानपणापासूनच होता. पण मुलांना तो आईकडून येतो, बापाकडून नाही, हेही सांगितलं. घराच्या भिंती मात्र तपासाव्या लागतील. पुढच्या आठवड्यात आबेल आणि मी जाणार आहोत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. आणखी कोणी नाही. यावेळी यादी आबेलनंही पाहिली आहे. माझ्या शब्दावर राहू नकोस.

ए. आं.


१२ ऑगस्ट

नायदा,

मुलगी झाल्याचं तू आबेलला कळवलंस, त्यानं मला दाखवलं. मला दाखवू नका असं तू लिहिलं नव्हतंस, म्हणून त्यानं दाखवलं. ल्युसेरो. छान नाव आहे.

तिच्या रक्तातही चागास निघाल्याचं कळल्यावर मी त्या दिवशीचा वर्ग घेतला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. तू लिहिलंस की गोळी कुटून चिमूटभर भुकटी दुधात कालवून देतेस, ती तोंड वेडंवाकडं करते, पण गिळते. आज तेविसावा दिवस. आबेलनं भिंतीवर कागद लावलाय आणि रोज एक दिवस खोडतो. तिकडचे डॉक्टर म्हणतात वजन वाढतंय, ते चांगलं लक्षण आहे. तुझ्या गोळ्या अंगावरचं पिणं सुटल्यावर. मोजे तिला होतात का, असं तुझ्या आईनं विचारलंय.

होय, दोन्या कासिमिरांकडे मी गेले होते. तू सांगायच्या आधी मी जायला नको होतं, पण तू सांगितलंयस असं कळलं म्हणून गेले. त्यांनी मला अंगणातच उभं ठेवलं. म्हणाल्या, “तुमच्या हवाली पोर केली होती, डॉक्टोरा. शिकवा म्हणून.” मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं. खुराडं आता सिमेंटचं आहे.

इकडचं सांगते. प्रीमोला पेसमेकर बसला. गाडी त्याचा मेहुणा चालवतो, प्रीमो स्टँडवर ओरडून माणसं गोळा करतो. त्याच्या मुलींचं रक्त स्वच्छ निघालं. विभागाच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. प्रयोगशाळेला नाव देण्याचा ठराव मागे घेतला, ते योग्यच झालं. चौकशी बसलीय, तिचं जे होईल ते होईल. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही सांगितलं, फळ्यापुढे उभं राहून. एका मुलीनं विचारलं, “मग आम्ही तुमच्या अभ्यासाला रक्त का द्यावं?” मी म्हटलं, निकाल थेट तुमच्या हातात मिळेल असं लेखी घेतल्याशिवाय देऊ नका. तिनं ते वहीत उतरवून घेतलं.

आता शेवटचं काम. तू लिहिलं होतंस की जो निबंध चुकीचा छापलाय तो त्याच जागी दुरुस्त झाला पाहिजे, आणि दुरुस्ती छापण्याआधी तुला दिसली पाहिजे. मी मसुदा पाठवला. काल तो परत आला. आकडे, तारखा, आबेलची बाजू, कशालाच तू हात लावला नव्हतास. एकच वाक्य बदललंस. मी लिहिलं होतं, ‘दोन बाधित विद्यार्थ्यांचे नमुने अनवधानाने वगळले गेले.’ तू ‘अनवधानाने’ खोडून ‘जाणूनबुजून’ लिहिलंस. ‘वगळले गेले’ खोडून लिहिलंस, ‘मी वगळले, आणि त्यांना कळवले नाही.’

आबेलनं ते वाचलं आणि विचारलं, “असं छापतील का?”

मी म्हटलं, छापतील. वाक्य बरोबर आहे.

आज सकाळी पाठवून दिलं. तू केलंस तसंच.

एल्व्हिरा आंतेसाना